भिंत लागली, तेव्हा चूक कुणाची? : 'वाइपआउट'बद्दलची टोकाची मतं कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही प्लेस्टेशन ४ साठी 'वाइपआउट ओमेगा कलेक्शन'ची वापरलेली डिस्क घेतलीत. घेण्याआधी खेळाडूंची मतं वाचलीत. निम्मे लोक म्हणतात, अशी रेसिंग गेम पुन्हा झाली नाही. उरलेले म्हणतात, यान साबणाच्या वडीसारखं घसरतं आणि शेवटच्या लॅपला मागून मिसाइल आलं की सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. आठवडाभर खेळून तुम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटायला लागल्या आहेत. मग कुणाचं ऐकायचं, आणि पुढे खेळत राहायचं की डिस्क विकून टाकायची?

विकू नका. पण त्याचं कारण नीट सांगायला हवं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी गेली चौदा वर्षं रेसिंग गेममधल्या गाड्यांचं हँडलिंग जुळवण्याचं काम करतो. स्टिक किती ढकलली की गाडी किती वळावी, भिंतीला घासली की किती वेग जावा, उडी मारून खाली आल्यावर किती हेलकावे बसावेत, हे सगळे आकडे असतात आणि कुणीतरी बसून ते ठरवलेले असतात. या कामात नवख्या खेळाडूंना समोर बसवून तासन् तास त्यांचं खेळणं बघावं लागतं. 'मजा आली का?' असं मी त्यांना विचारत नाही, कारण माणसं भिडेखातर 'हो' म्हणतात. मी एकच विचारतो : 'आत्ता भिंतीला लागलात, ती चूक कुणाची होती?' 'माझीच, वळायला उशीर झाला,' असं उत्तर आलं की तो माणूस पुन्हा खेळणार हे मला कळतं. 'मी तर बरोबर दाबलं होतं,' असं म्हणाला की तो दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवतो, आणि घरी जाऊन जे मत लिहितो त्यात 'साबण' हा शब्द असतो.

'वाइपआउट'बद्दलची जवळजवळ सगळी भांडणं या एका प्रश्नावर येऊन थांबतात. या मालिकेचा इतिहाससुद्धा भिंतीला लागल्यावर काय होतं, याचाच इतिहास आहे असं मला वाटतं.

पहिली 'वाइपआउट' १९९५ साली युरोपात पहिल्या प्लेस्टेशनबरोबरच बाजारात आली. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीने ती बनवली होती. सोनीने ही कंपनी १९९३ मध्ये विकत घेतली होती. गोष्ट २०५२ सालातली. यानांना चाकं नाहीत, ती जमिनीला न टेकता तरंगतात. गेमच्या कर्त्यांपैकी एक निक बर्कोम यांनी नंतर सांगितलं आहे की, घरी एक रेसिंग गेम खेळताना त्यांनी तिचा आवाज बंद केला, स्वतःचं ट्रान्स संगीत लावलं, आणि त्या तंद्रीतून ही कल्पना पक्की होत गेली. शेफील्डच्या डिझायनर्स रिपब्लिक या स्टुडिओने संघांची बोधचिन्हं आणि अक्षरं केली. 'कोल्ड स्टोरेज' या नावाने टिम राइट यांनी संगीत दिलं आणि युरोपातल्या आवृत्तीत केमिकल ब्रदर्स, ऑर्बिटल, लेफ्टफील्ड हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे गटही होते. त्या वेळी क्लबमध्ये रात्री नाचणारी तरुण पिढी प्लेस्टेशनकडे वळली, त्यात या गेमचा मोठा वाटा होता.

पण त्या पहिल्या गेमची भिंत फार निर्दय होती. नाक भिंतीला लागलं की यान जवळपास जागच्या जागी थांबायचं आणि पुन्हा शून्यातून वेग घ्यावा लागायचा. त्यात तेव्हाच्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला स्टिकच नव्हती, फक्त दिशांची बटणं होती. बटण एकतर दाबलेलं असतं किंवा सोडलेलं; थोडंसंच वळायचं असेल तर टकटक करत राहावं लागे. ज्यांच्याकडे नामकोचा नेगकॉन होता (हा कंट्रोलर मधोमध पिळता येत असे, ओला कपडा पिळावा तसा), ते आजही म्हणतात की पहिल्या गेमसारखी गेम नाही. बटणांवर खेळलेले म्हणतात की ती छळ होती. दोघंही खरं बोलतात. एकाला भिंत लागली तेव्हा स्वतःची चूक वाटली, दुसऱ्याला यंत्राची.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये 'वाइपआउट २०९७' आली आणि तिने भिंतीचा नियम बदलला. आता घासलं तर यान थांबत नव्हतं, वेग आणि ऊर्जा (म्हणजे यानाची मार सोसायची ताकद) थोडी थोडी जात होती. पहिल्या गेममध्ये शस्त्राने यान फक्त मंदावायचं. इथे ऊर्जा संपली की यान फुटायला लागलं. ऊर्जा भरून घ्यायला ट्रॅकच्या कडेला पिट लेन आली. माझ्या मते या मालिकेतला सगळ्यांत मोठा निर्णय हाच. एका चुकीची शिक्षा त्याच क्षणी देण्याऐवजी ती हप्त्याहप्त्याने वसूल करायची, म्हणजे खेळाडूला लय सापडायला वाव मिळतो. जुन्या खेळाडूंना आवडता भाग विचारा, बरेच जण डोळे मिटून '२०९७' म्हणतील. त्यामागे आठवणींचा गोडवा आहेच, पण हा नियमही आहे.

मधले टप्पे भराभर सांगतो. २००२ ची 'फ्यूजन' प्लेस्टेशन २ वर आली. ट्रॅक रुंद, शस्त्रांचा मारा जास्त, आणि जुने खेळाडू तिच्यावर नाराज झाले. २००५ ला पीएसपीवर (सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) 'प्युअर' आली आणि मालिका पुन्हा रुळावर आली. पिट लेन गेली; त्याऐवजी हाती आलेलं शस्त्र डागायचं किंवा शोषून घेऊन त्याची ऊर्जा करायची, असा पर्याय आला. २००७ च्या 'पल्स'ने बॅरल रोल आणला : हवेत असताना यान पूर्ण गिरकी घेतं, त्यात ऊर्जा खर्च होते आणि खाली आल्यावर वेगाचा झटका मिळतो. २००८ ला प्लेस्टेशन ३ वर 'एचडी', २००९ ला तिची 'फ्युरी' ही भर, २०१२ ला व्हिटावर (पीएसपीनंतरचं हातातलं यंत्र) '२०४८'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीने लिव्हरपूलचा हा स्टुडिओ बंद केला. तुमच्या हातातलं 'ओमेगा कलेक्शन' २०१७ चं, दुसऱ्या मंडळींनी प्लेस्टेशन ४ साठी नव्याने जुळवलेलं. त्यात 'एचडी', 'फ्युरी' आणि '२०४८' या तिन्ही आहेत.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लोक 'ओमेगा'वर मत देतात, पण डिस्कमध्ये वेगवेगळ्या स्वभावाच्या गेम आहेत. '२०४८' मधले ट्रॅक रुंद, शहरातल्या रस्त्यांवरून जाणारे, मध्येच फाटे फुटणारे. यानं जडशी वाटतात, हल्ल्याची आणि बचावाची शस्त्रं देणारे ट्रॅकवरचे पॅड वेगळे. 'एचडी'चे ट्रॅक आवळलेले, यानं हलकी, वळणं एकामागून एक. ज्याने सुरुवात '२०४८'ने केली आणि तिथेच थांबला, त्याचं मत 'एचडी'ला लागू करू नका. माझी शिफारस उलट्या क्रमाची आहे : आधी 'एचडी', मग 'फ्युरी', शेवटी '२०४८'. मेन्यूमध्ये जे आधी दिसतं ते आधी खेळायचं असा काही नियम नाही.

आता साबणाकडे येऊ.

चाकाच्या गाडीत चाकं रस्ता धरून ठेवतात, म्हणून नाक जिकडे तिकडे गाडी. इथे रस्ता धरणारं काहीच नाही. तुम्ही स्टिक डावीकडे ढकलली की यानाचं नाक डावीकडे वळतं, पण यान आधीच्याच दिशेने वाहत राहतं आणि हळूहळू नाकाच्या दिशेला येतं. या 'हळूहळू'च्या काळात उजवीकडची भिंत येते. नवख्या माणसाला वाटतं, मी वळलो तरी हे वळलं नाही. त्याच्या दृष्टीने चूक गेमची.

हे सोडवायला एअरब्रेक आहेत. कंट्रोलरच्या मागची दोन बटणं : एल२ डावा, आर२ उजवा. नाव 'ब्रेक' असलं तरी त्यांचं मुख्य काम थांबवणं नाही. नावेत बसून एका बाजूचं वल्हं पाण्यात नुसतं धरून ठेवलं की नाव त्या बाजूला वळते, तेच इथे होतं. एका बाजूला हवेचा अडसर वाढतो, यान त्या बाजूला ओढलं जातं. वळण डोळ्यांसमोर यायच्या आधी एअरब्रेक धरायचा, आणि वळण संपायच्या आधी सोडायचा. बहुतेक नवखे भिंत जवळ आल्यावर तो दाबतात आणि मग घाबरून धरूनच ठेवतात, म्हणून वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या भिंतीवर जातात. मी ज्यांना बघितलं आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पहिला तासभर हे बटण असतं हेच लक्षात आलं नव्हतं, कारण 'व्हेनम' या सर्वांत हळू, सुरुवातीच्या वेगाच्या वर्गात त्याच्याशिवायही निभावून जातं. पुढे 'फ्लॅश' आणि मग 'रॅपिअर' आला की निभत नाही. तेव्हा 'साबण' म्हणणाऱ्याचं मत वाचताना त्याने एअरब्रेकचा उल्लेख तरी केला आहे का ते बघा.

तोच एअरब्रेक दोनदा झटकन दाबला की यान जागच्या जागी बाजूला सरकतं. ही चाल पुढून अचानक सुरुंग दिसला की जीव वाचवते. आणि उडीनंतर खाली येताना स्टिक थोडी मागे ओढून नाक वर ठेवायला शिका. नाक खाली ठेवून आपटलात तर वेग जातो, आणि तो कुठे गेला हे कळतही नाही. वेगाची ही छुपी गळती अनेकांच्या 'यान मंदच आहे' या तक्रारीमागे असते.

यानाची निवड हाही मतभेदाचा एक मोठा झरा आहे. फायसार वळायला सोपं, वेगाला बेताचं. क्विरेक्स वेगवान आणि जड. ट्रायाकिसची ढाल भक्कम, मार खाऊन टिकतं. नवखा माणूस साहजिकच वेगाचा सर्वांत लांब पट्टा बघून यान निवडतो, आणि पहिल्या दिवशी क्विरेक्स घेऊन बसणारा रात्री रागावून लिहितो. पहिला महिनाभर फायसार सोडू नका. ते वेगाला कमी आहे म्हणून लोक त्याला शिकाऊ यान म्हणतात, पण जो भिंतीला लागत नाही त्याचं फायसार भिंतीला लागणाऱ्याच्या क्विरेक्सच्या पुढे असतं.

'पायलट असिस्ट' नावाची सोय आहे. यान भिंतीजवळ गेलं की ते हलकेच आत ढकलतं. सुरुवातीला ठीक आहे. पण हँडलिंगच्या माणसाला ती फार काळ चालू ठेवणं पटत नाही, कारण तुम्ही दिलेलं वळण कुठलं आणि यंत्राने दिलेलं कुठलं हे हाताला कळेनासं होतं. चूक कुणाची, या प्रश्नाचं उत्तरच पुसलं जातं. 'व्हेनम' जमलं की बंद करा. दोन दिवस त्रास होईल.

आता एक गोष्ट जी मतं लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे तपासतात. पडद्यावर वेग ताशी ६०० किलोमीटर दिसत असेल, तर ते सेकंदाला साधारण १६७ मीटर झाले. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवते, म्हणजे प्रत्येक चित्रात यान पावणेतीन मीटरच्या वर पुढे जातं. आता तुमचा टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करत असेल आणि त्यात एक दशांश सेकंद जात असेल, तर तुम्ही बघताय ते यान प्रत्यक्षात सतरा मीटर पुढे गेलेलं आहे. वळण दिसलं म्हणून तुम्ही बटण दाबता तेव्हा वळण होऊन गेलेलं असतं. ठाण्याला एका मित्राच्या घरी त्याचा कॉलेजातला मुलगा ही गेम 'बकवास' म्हणून मला दाखवत होता. मी त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि मलाही तिसऱ्या वळणाला भिंत लागली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला, परत दिला. त्याने कुठलंही नवं कौशल्य शिकलेलं नव्हतं, तरी त्या संध्याकाळी तो 'फ्लॅश' वर्गातल्या शर्यती काढत होता. त्याचं आधीचं मत प्रामाणिक होतं. ते टीव्हीबद्दल होतं, एवढंच. तुम्हीही आज सगळ्यांत आधी हे तपासा.

याच हिशेबाने '२०४८'बद्दलची जुनी मतं बाजूला ठेवा. व्हिटावर ती सेकंदाला ३० चित्रांवर चालायची, आणि सुरुवातीला शर्यत लोड व्हायला इतका वेळ लागायचा की लोक वैतागून त्याबद्दलच लिहायचे. 'ओमेगा'मध्ये ती ६० वर चालते. हाताला ती निराळीच गेम लागते.

वर्गांबद्दल एक निरीक्षण. 'एचडी'मध्ये चार वर्ग आहेत : व्हेनम, फ्लॅश, रॅपिअर, फँटम. 'गेम हळू आहे, झोप येते' असं मत व्हेनममध्ये सोडून दिलेल्याचं असतं. 'काही दिसतच नाही' असं मत थेट फँटमवर उडी मारलेल्याचं असतं. ज्यांची मतं मला सर्वांत उपयोगी वाटतात ते रॅपिअरमध्ये महिना-दोन महिने रमलेले असतात. तिथे एअरब्रेकशिवाय चालत नाही आणि तरीही विचार करायला क्षणभर वेळ मिळतो. ट्रॅक पाठ व्हायला लागतो. डोळे यानावरून उठून दोन वळणं पुढे जातात. हा बदल एका रात्रीत होतो आणि तो झाल्यावर माणूस या गेमबद्दल बोलताना थांबत नाही. कोकणातल्या घाटात रात्री गाडी चालवणाऱ्याची नजर जशी बॉनेटवर नसते, दिव्याच्या झोताच्या टोकाला असते, तसं.

आता शस्त्रं. इथे मात्र तक्रार करणाऱ्यांची बाजू मी थोडी उचलून धरणार आहे.

आधी व्यवस्था समजून घ्या. ट्रॅकवरच्या पॅडवरून गेलात की शस्त्र मिळतं. कुठलं मिळेल ते तुमच्या हातात नाही. रॉकेट सरळ जातात, मिसाइल लक्ष्य धरून पाठलाग करतं, प्लाझ्माला क्षणभर थांबावं लागतं पण लागला तर समोरच्याचं काही खरं नाही. 'क्वेक' डागला की ट्रॅकची जमीनच लाटेसारखी उसळत पुढे जाते आणि वाटेतल्या सगळ्यांना उचलून आपटते. लीच बीम दुसऱ्याची ऊर्जा ओढून तुम्हाला देतो. बॉम्ब आणि सुरुंग मागे टाकायचे. ढाल, टर्बो, ऑटोपायलट ही बचावाची आणि सुटकेची साधनं. आणि यातलं काहीही न डागता शोषून घेता येतं. प्रत्येकातून मिळणारी ऊर्जा वेगळी.

म्हणजे ऊर्जेचं भांडं एकच, आणि त्यातून तीन वाटेकरी उपसतात. भिंत घेते, शत्रू घेतो, आणि बॅरल रोल मारून तुम्ही स्वतः घेता. भरायचा मुख्य मार्ग एकच, शस्त्राचा मोह सोडणं. माझ्या व्यवसायातल्या माणसाला ही रचना बघून आनंद होतो. हातात मिसाइल आहे, समोर पहिल्या क्रमांकाचं यान आहे, ऊर्जा काठावर आली आहे, आणि पुढच्या उडीवर गिरकी मारायची आहे. हा हिशेब सेकंदाच्या आत करायचा. 'यात डोकं लागत नाही, नुसता वेग आहे,' असं मत मी वाचलं आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही.

अनुभवी खेळाडू शेवटच्या लॅपच्या सुरुवातीला ढाल किंवा ऑटोपायलट हाती आला की तो वापरत नाहीत, सांभाळून ठेवतात. मिसाइलची सूचना ऐकू आली की मग दाबतात. त्यांना शेवटच्या लॅपला मिसाइल लागलं तर ते म्हणतात, 'ढाल लवकर उडवली, चूक माझी.' नवखा म्हणतो, 'मी पहिला होतो, काही चूक केली नाही, तरी पाचवा आलो.' घटना तीच. आठ यानांची शर्यत आहे आणि घोळका जवळजवळ चालतो, त्यामुळे एका फटक्यात तीन-चार क्रमांक सहज जातात. गेम हे नीट शिकवत नाही, हा तिचा दोष आहेच. शोषून घेण्याचं बटण कुठलं हे सांगते, पण कधी दाबायचं याची उमज खेळाडूने आपापली मिळवायची.

तरीही शिकलेल्या माणसालाही एका प्रसंगी तक्रार करायचा हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे. जो पहिला असतो त्याच्या हाती आलेली बरीच शस्त्रं त्याच्या कामाची नसतात, कारण ती पुढे मारा करतात आणि त्याच्या पुढे कुणी नसतं. तो शोषून घेतो, ऊर्जा काठोकाठ भरते, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात लागलेलं मिसाइल त्याची नुसती ऊर्जा नाही घेत, वेगही घेतं. भरलेलं भांडं तिथे उपयोगाचं नसतं. मी असतो तर ऊर्जा जितकी जास्त तितका वेगाचा फटका कमी, असं काहीतरी जुळवलं असतं. जपून चालवणाऱ्याला तेवढं मिळायला हवं. ऑनलाइन बरोबरीच्या माणसांशी खेळताना हे जास्त टोचतं, आणि त्या लोकांची शस्त्रांविषयीची कटुता मला रास्त वाटते.

शस्त्रांचा ज्यांना वीट आला आहे त्यांच्यासाठी गेममध्येच दुसरी दारं आहेत. टाइम ट्रायलमध्ये कुणी तुमच्यावर काही डागत नाही, तुम्ही आणि घड्याळ. आणि झोन मोड. झोनमध्ये वेगाचं बटणच तुमच्या हातात नसतं. यान आपोआप वेग घेत जातं, टप्प्याटप्प्याने रंग बदलत जातात, आणि ऊर्जा संपेपर्यंत तुम्ही फक्त टिकायचं. झोन ३० पर्यंत बोलता येतं. ५० च्या पुढे मी श्वास रोखून बसलेला असतो. माझ्या लेखी या मालिकेचा गाभा इथे आहे, शर्यतीत नाही. भिंत सोडून सगळं काढून टाकलं आहे. एक इशारा मात्र मनापासून देतो : घरात कुणाला लखलखत्या प्रकाशाने झटके येण्याचा त्रास असेल तर हा मोड त्यांच्यासमोर लावू नका.

संगीताबद्दलची नाराजी तुम्ही वाचली असेल. टिम राइट यांचं जुनं संगीत 'ओमेगा'मध्ये नाही आणि १९९५ पासूनच्या लोकांना ते फार लागलं. मला त्यांचं दुःख कळतं. तुम्ही नव्याने येताय, तुम्हाला जे आहे ते पुरेल. आवाज मात्र बंद करू नका. मिसाइलची सूचना आणि मागच्या यानाची घरघर कानानेच कळते.

व्हीआरची (डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावून खेळायची) सोय २०१८ मध्ये मोफत आली. मी ती वापरली आहे, थक्क झालो आहे, आणि वीस मिनिटांनी उठून पाणी प्यायलो आहे. ज्यांना एसटीत खिडकीजवळ बसावं लागतं त्यांनी छोट्या छोट्या बैठकी घ्याव्यात.

काही जण मतांत 'त्यापेक्षा एफ-झिरो घ्या', 'ग्रिप घ्या' असं सुचवतात. निन्टेन्डोची 'एफ-झिरो' १९९० पासूनची, म्हणजे 'वाइपआउट'च्याही आधीची. तिच्यात उचलायची शस्त्रं नाहीत, अंगावर जाऊन धक्के मारायचे. आणि १९९८ च्या 'एफ-झिरो एक्स'पासून बूस्टची किंमतही ऊर्जेतच मोजावी लागते, ३० यानांच्या गर्दीत. चूक कुणाची हे तिथे फार स्वच्छ असतं, म्हणून तिचे चाहते इतके निष्ठावान. 'ग्रिप' २०१८ ची, १९९९ च्या 'रोलकेज'च्या वळणावर गेलेली. तिच्यातल्या गाड्यांना प्रचंड चाकं आहेत, त्या भिंतीवर आणि छतावरही धावतात. पण वेगात एखाद्या अडथळ्याला कोपरा लागला की गाडी कोलांट्या खाते आणि तोंड उलटीकडे होऊन थांबते. तिथे 'मी काय केलं?' हा प्रश्न मला वारंवार पडतो. शस्त्रांचा धुमाकूळ आवडत असेल तर चार मित्रांना बोलावून 'ग्रिप' खेळा. पीसी असेल तर 'बॅलिस्टिक एनजी' बघा. जुन्या 'वाइपआउट'वर जीव असलेल्यांनी ती केली आहे आणि ते दर वळणाला जाणवतं.

तर तुमच्यासाठी. टीव्ही गेम मोडवर. 'एचडी' विभाग, अनुल्फा पास हा ट्रॅक, फायसार, फ्लॅश वर्ग, टाइम ट्रायल, पायलट असिस्ट बंद. पहिल्या वीस लॅपमध्ये वेळेकडे बघू नका, फक्त किती वेळा घासलं ते मोजा. आकडा दोनच्या खाली आला की रॅपिअर. बॅरल रोल तोपर्यंत विसरा. तो आधी शिकलेले लोक गिरकीपायी उडीनंतरचं वळण चुकवायची सवय लावून घेतात. महिन्याभराने शस्त्रांच्या शर्यतींकडे या, आणि पहिले दहा दिवस हाती येईल ते सगळं शोषून घ्या, अगदी क्वेकसुद्धा. किती ऊर्जा लागते आणि कुठे जाते याचा अंदाज तसाच येतो.

मग सोल २ वर जा. तो ट्रॅक ढगांच्या वर आहे आणि काही ठिकाणी त्याला भिंतीच नाहीत. चुकलात तर यान खाली पडतं, मग उचलून परत ट्रॅकवर ठेवलं जातं, तोवर घोळका निघून गेलेला असतो. रॅपिअरमध्ये तो एकदाही न पडता पूर्ण झाला की इथे लिहा. फँटमबद्दल तेव्हा बोलू.